समईची वात आणि तांबीचा दोरा



मागच्या वेळी आपण तांबीबद्दल बोललो. त्यानंतर एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. तिथे किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या दुकानातल्या काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का लागतो. शिक्क्याची मुदत संपली की दंड बसतो. मग माझ्या पिशवीत जी तांबी बसवली, तिच्यावर कुणाचा शिक्का आहे?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी येईस्तोवर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. एक किलो साखरेत दहा ग्रॅम कमी भरू नये म्हणून सरकार काटा तपासतं. मग जी वस्तू शरीराच्या आत वर्षानुवर्षं राहणार, ती कोण तपासतं? कसं तपासतं? आणि कधीपासून? आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी ऐकून नवल वाटेल अशी गोष्ट सांगते. औषध तपासूनच विकायचं हा नियम जगात आधी आला. उपकरण तपासूनच विकायचं हा नियम बऱ्याच उशिरा आला. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा १९७६ सालापर्यंत असं होतं की औषधाची नवी गोळी बाजारात आणायची तर कंपनीला आधी पुरावा द्यावा लागे, पण हृदयात बसवायची झडप किंवा गर्भाशयात बसवायचं साधन आणायचं तर तसा पुरावा कुणी मागत नसे. साधन विकायचं, आणि काही वाईट झालं तर सरकारने कोर्टात जाऊन ते वाईट आहे हे सिद्ध करायचं. म्हणजे परीक्षा कंपनीची नाहीच, सरकारची. आणि ती परीक्षा सुरू होईपर्यंत बायकांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

हा नियम बदलला त्यामागे बायकांच्या दुःखाचा मोठा वाटा आहे. म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगते.

साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोर शहरात ह्यू डेव्हिस नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. जॉन्स हॉपकिन्स या नामांकित विद्यापीठात ते काम करत. आयर्विन लर्नर नावाच्या एका तंत्रज्ञाबरोबर त्यांनी गर्भाशयात बसवायचं एक नवं साधन काढलं. नाव ठेवलं डाल्कन शिल्ड. शिल्ड म्हणजे ढाल. आकार नाण्याएवढा, आणि दोन्ही बाजूंना खेकड्याच्या पायांसारखे काटे. काटे कशासाठी, तर साधन निसटून बाहेर येऊ नये म्हणून. त्या काळी इतर साधनं बऱ्याच बायकांच्या बाबतीत आपोआप पडून जात. त्यामुळे ही कल्पना लोकांना पटली.

फेब्रुवारी १९७० मध्ये डेव्हिस यांनी एका वैद्यकीय मासिकात आपल्या तपासणीचा निकाल छापला. ६४० बायकांना शिल्ड बसवली, त्यातल्या फक्त पाचजणींना दिवस गेले, म्हणजे वर्षाला साधारण एक टक्का. गर्भनिरोधक गोळीच्या तोडीचा निकाल. आणि गोळीचे दुष्परिणाम तर तेव्हा वर्तमानपत्रांत रोज गाजत होते. डॉक्टरांना आणि बायकांना वाटलं, हवं होतं ते मिळालं.

आता इथे जरा थांबू या. आकडा खोटा नव्हता. ६४० बायका खऱ्या, पाच गर्भधारणा खऱ्या. मग चुकलं कुठे?

तुमच्या गटाच्या वहीचंच उदाहरण घ्या. समजा एका गटाने वर्षभरात साठ कर्जं दिली. त्यातली चाळीस शेवटच्या दोन-तीन महिन्यांत दिली. वर्षाअखेरीला वही उघडली आणि सचिवबाई म्हणाल्या, साठ कर्जांत फक्त एक थकबाकी, आपला गट नंबर एक! बँकेचा माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, बाई, त्या चाळीसजणींचे हप्ते आत्ताच कुठे सुरू झालेत. थकायला वेळ तरी मिळू द्या.

डेव्हिस यांच्या तपासणीत नेमकं हेच होतं. ६४० बायकांचे सगळे महिने एकत्र केले तर ३,५४९ भरत. भागाकार केला तर एका बाईमागे सरासरी साडेपाच महिने. कित्येकजणींना तर शिल्ड बसवून थोडेच दिवस झाले होते. त्यांना दिवस जायला अजून अवकाश होता. शिवाय डेव्हिस आपल्या बायकांना सुरुवातीच्या काळात शिल्डबरोबर शुक्रजंतू मारणारा फेसही वापरायला सांगत. मग गर्भ राहिला नाही तो शिल्डमुळे की फेसामुळे, हे कसं ठरवायचं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या वस्तूची डेव्हिस परीक्षा घेत होते, त्या वस्तूच्या कंपनीत त्यांचा स्वतःचा वाटा होता. हे त्या लेखात नव्हतं. त्याच सुमाराला ते सेनेटच्या समितीपुढे गोळीच्या धोक्यांबद्दल साक्ष द्यायला गेले, तिथेही त्यांनी हा वाटा सांगितला नाही. दूध संघात फॅट मोजणारा माणूस ज्याच्या दुधाचं फॅट मोजतो त्याचाच भागीदार असेल तर चालेल का आपल्याला? नाही ना.

जून १९७० मध्ये ए. एच. रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीने शिल्डचे हक्क विकत घेतले. साडेसात लाख डॉलर रोख आणि पुढच्या विक्रीवर दहा टक्के. व्यवहार होताना कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी डेव्हिस यांना भेटून आला आणि त्याने टिपण लिहिलं की आता आकडे वेगळे आहेत, ८३२ बायकांत २६ गर्भधारणा झाल्यात. म्हणजे एक टक्का नव्हे, तीन टक्क्यांच्या वर. हे टिपण फाइलमध्ये राहिलं. जाहिरातीत जुनाच एक टक्का छापला गेला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा प्रमाण त्याहूनही जास्त निघालं.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने कसं काय विकू दिलं? इथे एक पळवाट होती. शिल्डच्या प्लास्टिकमध्ये तांबं मिसळलेलं होतं. तांब्यामुळे गर्भ राहत नाही असं म्हटलं की ती वस्तू औषधात गणली जाणार आणि पुरावा द्यावा लागणार. म्हणून कंपनीने सांगितलं की तांबं गर्भनिरोधासाठी नाहीच. झालं, वस्तू 'साधन' ठरली. जानेवारी १९७१ मध्ये विक्री सुरू झाली. अमेरिकेत वीस लाखांहून अधिक बायकांनी ती बसवली. जगभरातला आकडा पंचेचाळीस लाखांच्या आसपास गेला.

आता त्या दोऱ्याकडे येते. माझ्या मते सगळी गोष्ट त्या दोऱ्यात आहे.

तांबी बसवली की तिचा दोरा गर्भाशयाच्या तोंडातून खाली योनीत सोडतात, हे तुम्हाला माहीत आहे. तांबी जागेवर आहे की नाही हे दोरा बघून कळतं, आणि काढताना तोच ओढतात. इतर साधनांना एकसंध दोरा असायचा, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा. शिल्डला मात्र काटे होते. ती काढायला जोर लागायचा, एकसंध बारीक दोरा तुटण्याची भीती. म्हणून तिला शेकडो बारीक तंतूंचा दोरा लावला आणि तो नायलॉनच्या नळीत घातला. नळीची दोन्ही टोकं उघडी.

समईत वात घालता तेव्हा काय होतं? तेल खाली असतं, तरी ज्योतीपर्यंत चढतं. कापसाच्या बारीक तंतूंमधल्या फटीतून ते आपोआप वर जातं, कुणी ढकलावं लागत नाही. शिल्डचा दोरा तशीच वात होती. योनीत जंतू नेहमीच असतात, त्यात काही गैर नाही. गर्भाशयाचं तोंड मात्र त्यांना वर जाऊ देत नाही. त्या बंद दारातून आता एक वात आत गेली होती. नळीच्या आतल्या ओलीबरोबर जंतू वर चढत. आणि नळीचं नायलॉन शरीरात राहून हळूहळू चिरत जाई. म्हणजे साधन जितकं जुनं, तितका धोका जास्त. साडेपाच महिन्यांच्या तपासणीत हे दिसणार तरी कसं?

पण एका माणसाला दिसलं होतं. शिल्डची जुळणी रॉबिन्सच्या एका पोटकंपनीच्या कारखान्यात होत असे. ती पोटकंपनी ओठांना लावायचं मलम बनवायची. हो, ओठांचं मलम! तिथे वेन क्राउडर नावाचे मालाचा दर्जा तपासणारे पर्यवेक्षक होते. १९७१ मध्येच त्यांनी दोऱ्याचा तुकडा घेतला, एक टोक पाण्यात बुडवलं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून पाणी निघतं का ते बघितलं. निघालं. त्यांनी साहेबांना सांगितलं. टोकं उष्णता देऊन बंद करावीत असंही सुचवलं. साहेबांनी सांगितलं, हे तुमचं काम नाही. त्या प्रयोगाला ना प्रयोगशाळा लागली ना पैसा लागला. पाण्याचा पेला आणि दोरा. तो प्रयोग विक्रीआधी करायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मग पत्रं यायला लागली. बायकांना ओटीपोटात दुखायचं, ताप यायचा, घाण पाणी जायचं. कित्येकींच्या गर्भनलिका जंतुसंसर्गाने बंद झाल्या आणि त्यांना पुढे मूलच झालं नाही. सगळ्यात वाईट दशा झाली ती शिल्ड असताना दिवस गेलेल्या बायकांची. तेव्हा डॉक्टर शिल्ड आतच राहू देत. गर्भ वाढला की पिशवी मोठी व्हायची, तिच्याबरोबर दोरा वर ओढला जायचा, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक सर्दीतापासारखं वाटून एक-दोन दिवसांत विष अंगभर पसरायचं. १९७२ मध्येच एका डॉक्टरने कंपनीला पत्र लिहून कळवलं होतं की दिवस राहिले तर शिल्ड काढून टाका, आत ठेवणं धोक्याचं आहे. कंपनीने डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं ते मे १९७४ मध्ये. दोन वर्षांनी. ॲरिझोनातले डॉक्टर डोनाल्ड ख्रिश्चन यांनी असे मृत्यू गोळा करून वैद्यकीय मासिकात मांडले, आणि जून १९७४ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून अमेरिकेतली विक्री थांबली. अमेरिकेत किमान अठरा मृत्यू या शिल्डशी जोडले गेले.

हे झालं श्रीमंत देशात. गरीब देशांचं काय झालं, ते वाचताना मला तरी फार राग आला. अमेरिकेच्या मदत संस्थेने कुटुंब नियोजनासाठी शिल्ड स्वस्तात घेतल्या. स्वस्त कशा, तर घाऊक खोक्यांत, निर्जंतुक न केलेल्या. अमेरिकेतल्या बाईला मिळायची ती निर्जंतुक केलेली, एकेकटी बंद पाकिटातली. परदेशात पाठवलेल्या खोक्यांत शंभर शिल्डमागे त्या बसवायच्या नळ्या दहाच. म्हणजे एक नळी दहा बायकांना. हजार शिल्डमागे सूचनांचा एक कागद, तोही इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत. अमेरिकेत विक्री बंद झाल्यावरही बाहेरच्या देशांत ती काही महिने चालूच राहिली. पुढे संस्थेने उरलेला माल परत मागवला. पण खोक्यातली वस्तू परत येते. कुठल्या तरी गावातल्या बाईच्या पोटातली कशी येणार? तिचं नाव कुठल्या वहीत होतं?

अमेरिकेत बायका कोर्टात गेल्या. तिथे त्यांना काय विचारलं गेलं माहीत आहे? तुमचे किती पुरुषांशी संबंध होते, संडासहून आल्यावर तुम्ही अंग कसं पुसता. म्हणजे दोष दोऱ्याचा नाही, बाईच्या स्वच्छतेचा. मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला परकं वाटलं का? मला नाही वाटलं. दवाखान्यात अंगावरून जातं म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न "स्वच्छता पाळता का?" हाच येतो, आणि बाई गप्प बसते. त्या बायका गप्प बसल्या नाहीत. १९८४ मध्ये मिनेसोटातले न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कंपनीच्या तीन बड्या अधिकाऱ्यांना कोर्टात समोर बोलावून खडे बोल सुनावले. वरच्या कोर्टाने नंतर ते बोल नोंदीतून काढून टाकायला लावले, ही गोष्ट वेगळी. पण त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की ज्यांच्या अंगात अजून शिल्ड आहे त्यांनी ती काढून घ्यावी, खर्च आम्ही देऊ. विक्री थांबून दहा वर्षं झाली होती! पुढल्या वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तीन लाखांहून अधिक दावे आले आणि भरपाईसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरचा निधी वेगळा काढावा लागला.

आता कायद्याकडे येते. शिल्ड बाजारात येण्याच्या सुमारालाच, १९७० मध्ये, अमेरिकन सरकारच्या एका समितीने, तिला कूपर समिती म्हणतात, वैद्यकीय मासिकं चाळून हिशेब केला. दहा वर्षांत उपकरणांमुळे दहा हजार इजा आणि ७३१ मृत्यू छापून आले होते. त्यांपैकी ५१२ मृत्यू हृदयाच्या झडपांमुळे. आणि आठ हजार इजा कशामुळे, तर गर्भाशयात बसवायच्या साधनांमुळे. हे सगळं शिल्डच्या आधीचं. समितीने सुचवलं की सगळ्या उपकरणांना एकच माप लावू नका, धोका बघून वर्ग पाडा. सूचना कागदावर राहिली. शिल्डचा बोभाटा झाला तेव्हा कुठे संसद हलली, आणि २८ मे १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यावर सही केली. पट्टी, जीभ दाबायची लाकडी पट्टी अशा वस्तू पहिल्या वर्गात, मधल्या धोक्याच्या दुसऱ्यात, आणि जीव ज्यावर अवलंबून आहे किंवा ज्या शरीरात राहतात अशा बऱ्याच वस्तू तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गाला आधी पुरावा, मग विक्री.

त्याच काळात कायद्याची वाट न बघता एका माणसाने वेगळा रस्ता धरला होता, त्याचंही नाव घेते. जोएल नोबेल हे फिलाडेल्फियातले तरुण शल्यचिकित्सक. त्यांच्या हातात चार वर्षांचा एक मुलगा गेला, कारण थांबलेलं हृदय विजेच्या झटक्याने सुरू करायचं यंत्र ऐनवेळी चाललं नाही. त्यांनी मग ईसीआरआय नावाची संस्था उभी केली, आणि १९७१ पासून दवाखान्यातली यंत्रं स्वतः तपासून निकाल मासिकात छापायला सुरुवात केली. सुरुवातीलाच त्यांनी हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशव्या तपासल्या. बाजारातल्या कित्येक पिशव्या कामाच्या नाहीत असं निघालं. संस्थेचा नियम एकच कडक: यंत्र बनवणाऱ्यांचा पैसा घ्यायचा नाही, आणि तिथे काम करणाऱ्याने त्या कंपन्यांचे शेअर ठेवायचे नाहीत. डेव्हिस यांचं प्रकरण आठवा, म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्यातल्या ज्येष्ठ बायकांना 'लूप' आठवत असेल. १९६५ पासून सरकारने लिपीज लूप नावाचं साधन देशभर बसवायला घेतलं. लूपचा दोरा शिल्डसारखा नव्हता, ते साधन मुळात बरं होतं. पण शिबिरं लावून लक्ष्य पुरी केली गेली, एकेका वर्षात लाखो बायकांना लूप बसवली, आणि नंतर रक्त जास्त जातं, कंबर दुखते म्हणून बाई आली तर तिच्याकडे बघायला माणूस नसायचा. मग अफवा उठल्या. लूप काळजापर्यंत चढते असं म्हणायचे. आमच्या आज्यांच्या पिढीने लूप टाकून दिली ती अडाणीपणाने, असं अजूनही काही शिकलेले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्रास खरा होता, तो लिहून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्याची अफवा झाली.

आपल्या देशात निरोध, तांबी, नसबंदीची रिंग यांची मानकं औषधांच्याच नियमांत घातली गेली. बाकी बहुतेक उपकरणं मात्र बराच काळ मोकळीच होती. २०१७ मध्ये वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. साधी पट्टी अ मध्ये, थर्मामीटर आणि बीपीचं मशीन ब मध्ये, हृदयाची झडप ड मध्ये. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं या कायद्याखाली आली आणि परवाना टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दुकानवाल्या बाईंसाठी एक गंमत सांगते: बीपीचं मशीन आणि ताप मोजायचं थर्मामीटर ही आपल्याकडे वजनमापांच्या कायद्यातही येतात. म्हणजे तुमच्या काट्याची ती चुलतभावंडंच.

पण बाजारात यायच्या आधी कितीही तपासलं तरी काही गोष्टी वापरातच कळतात. याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातही आहे. खुब्याचा एक धातूचा सांधा होता, जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा. तो जगभरातून २०१० मध्ये परत मागवला गेला, कारण धातू झिजून त्याचे कण रक्तात जात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने बघितलं तर भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले होते, आणि त्यातले ३,६०० हून अधिक रुग्ण सापडतच नव्हते. कुणाच्या अंगात काय बसवलं याची नोंदच धड नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी शिल्डचं जे झालं तेच.

२०१५ मध्ये केंद्र सरकारने उपकरणांच्या त्रासाची नोंद ठेवणारी योजना सुरू केली. तिचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. डॉक्टर, नर्स आणि रुग्ण, कुणीही त्रास कळवू शकतं. फोन मोफत आहे, क्रमांक लिहून घ्या: १८००-१८०-३०२४. फोन नको वाटला तर उपकेंद्रातल्या सिस्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, आणि त्यांना म्हणा, नोंद करा. तांबीने, शुगरच्या मशीनने, सलाइनच्या सुईने, कशानेही त्रास झाला तरी.

आता ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्याचं उत्तर. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या तांबीवर शिक्का आहे का? आहे. तिचा दोरा एकसंध आहे, आत फट नाही, म्हणून वात होत नाही. तांबी ३८० अ हिचा जागतिक आरोग्य संघटनेने बारा वर्षं पाठपुरावा केला. बारा वर्षांत शंभर बायकांमागे सुमारे दोघींना दिवस गेले. साडेपाच महिने आणि बारा वर्षं, फरक तुम्हीच बघा. जंतुसंसर्गाचा धोका तिच्यातही आहे, पण तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो. त्या दिवसांत ताप आला, ओटीपोटात कळ आली, घाण वासाचं पाणी गेलं तर वाट बघू नका. तांबी असताना पाळी चुकली तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दिवस गेलेले असले आणि दोरा दिसत असला तर तांबी लवकर काढतात. हा धडा त्या शिल्डवाल्या बायकांमुळेच पक्का झाला.

तांबी बसवली की कार्ड देतात. त्यावर तारीख, तांबीचा प्रकार आणि कधी काढायची ते लिहून घ्या. पाकिटावर बॅच नंबर असतो, तोही त्याच कार्डावर उतरवायला सांगा. सिस्टर म्हणतील, आजवर कुणी मागितला नाही. तरी मागा. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे हरवत नाही. त्या दुकानवाल्या बाईंनी त्याच दिवशी घरी जाऊन कार्ड शोधलं. मला फोन आला, "ताई, तारीख सापडली. बॅच नंबर नाही. सोमवारी उपकेंद्रात जाते आणि रजिस्टर बघायला मागते."